पाण्याला बंदी नव्हती

आमच्या गावात आजही कुणी जुन्या शर्यतींचा विषय काढला की मी पानाची चंची शोधायला लागतो. चंची कमरेलाच असते. पण मान खाली घालायला काहीतरी निमित्त लागतंच.

लढाई संपली तसा मी पलटणीतून घरी आलो. बंदूक मी फारशी चालवली नव्हती, घोड्यांच्या इस्पितळात होतो. गावात मात्र असा रुबाब मारायचो, जणू लढाई मी एकट्यानंच जिंकली. कऱ्हाड आणि सांगलीच्या मधे, कृष्णाकाठी आमचं गाव. माघातल्या जत्रेला तिथं घोड्यांची शर्यत व्हायची. मलकापूरपासून आटपाडीपर्यंतचे घोडे यायचे, आणि त्या सकाळी त्यांच्या पोटात काय काय जायचं ते विचारू नका. गुळात घातलेली अफूची गोळी, दारू, दुखरा पाय बधिर करणारे लेप. लढाईनंतर तर कुठून कुठून सुयाही यायला लागल्या होत्या.

गावच्या नालबंद चाचांना हे बघवत नसे. तरुणपणी त्यांचाच घोडा अफूच्या अमलाखाली, पाय मोडलेला असताना पळत राहिला होता. "दुखलं आसतं तर थांबला आसता की रं," ते म्हणायचे. पण पंचांपुढं नालबंदाचं कोण ऐकतो? माझ्या पलटणीच्या रुबाबाचा तेवढा एकदा उपयोग झाला. चाचांनी सांगितलं, मी कागदावर उतरवलं आणि पंचांनी मान डोलावली. शर्यतीच्या दिवशी उजाडल्यापासून घोड्याला चारा आणि पाणी, बाकी काही नाही. ना पोटात, ना अंगावर. मैदानात चाचा प्रत्येक घोड्याचं तोंड हुंगणार, डोळे बघणार, पाय चाचपणार आणि मगच सोडणार.

पहिल्या वर्षी निम्मे घोडे आलेच नाहीत. जे आले ते सावकाश पळाले. "शर्यत हाय का वरात?" म्हणून लोक खिदळले. पण एकही घोडा पडला नाही, एकाच्याही नाकातोंडातून फेस आला नाही. माझी करडी घोडी दुसरी आली. चाचा त्या दिवशी लहान पोरासारखे खूश होते. भेटेल त्याला माझ्याकडं बोट दाखवून सांगत होते, "ह्यानं लिव्हला कायदा." मीही फेटा सावरत उभा होतो.

दुसऱ्या वर्षी जत्रेच्या आठ दिवस आधी घोडीच्या पुढच्या डाव्या पायाची शीर सुजली. इस्पितळात असे पाय मी शेकड्यानं पाहिले होते. महिनाभर बांधून ठेवायची, एवढाच त्यावर इलाज. हे मला गावात सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. पण विश्रामबागेहून सासरची मंडळी यायची होती आणि यंदा पहिला येणार, असं मी त्यांना आधीच सांगून बसलो होतो. आता लिहितानाही लाज वाटते, पण कारण खरंच एवढंच होतं.

जत्रेच्या दिवशी उजाडायच्या आत मी घोडी नदीवर नेली आणि गुडघाभर पाण्यात उभी केली. माघातलं पाणी. माझे स्वतःचे पाय काही वेळातच माझे राहिले नाहीत. घोडी दोनदा काठाकडं वळली, दोनदा मी तिला मागं ओढलं. मग ओलं गोणपाट पायाला गुंडाळून तिला मैदानाकडं नेलं आणि शेवटच्या वळणावर ते सोडून झुडपात फेकलं. घोडी लंगडत नव्हती. मी स्वतःला समजावत होतो, मी कुठं औषध दिलं? पाण्याला बंदी नाही.

चाचांनी तोंड हुंगलं, डोळे पाहिले. डाव्या पायावर त्यांचा हात थांबला.

"पाय लय गार हाय रं."

"नदीवरनं आणलीय, चाचा. पाणी पाजून."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हात काढला. "जा."

अर्ध्या वाटेत घोडी पुढं होती, मीच तिच्यावर स्वार होतो. मग खाली काहीतरी तटकन तुटल्याचं मला मांडीपर्यंत कळलं. आणि तरी ती पळत राहिली. लगाम ओढून तिला थांबवावं लागलं.

संध्याकाळी चावडीवर पंच बसले. ज्यांचे घोडे दोन वर्षं घरी राहिले होते ते सगळे आले होते. "औशीद बंद केल्यालं बघा कसं नडलं!" एकजण म्हणाला. "येक गोळी पोटात आस्ती तर घोडी तगली आस्ती." सगळ्यांनी हुंकार भरला. चाचा कोपऱ्यात उभे होते. ते माझ्याकडं बघत राहिले. मी एक वाक्य बोललो असतो तर कायदा टिकला असता. मी चपलेचा अंगठा बघत बसलो. सासरे शेजारीच होते. पाटलांनी मला विचारलं, "तुमचं काय म्हननं?" मी म्हणालो, "पंच म्हणतील तसं." कायदा उठला.

पुढच्या जत्रेत सगळं पहिल्यासारखं झालं. आटपाडीकडचा एक काळा घोडा शेवटच्या खुणेपाशी थांबलाच नाही. तसाच पळत जाऊन विहिरीच्या कठड्यावर आपटला. लोक म्हणाले, काय जोर होता जनावरात!

घोडी जगली, पण तीन पायांवरच चालायची. तिचे खूर तासायला चाचा घरी यायचे आणि पैसे घ्यायचे नाहीत. एका दुपारी तो डावा पाय मांडीवर घेऊन, मान वर न करता त्यांनी विचारलं, "किती येळ उबी केलीवतीस?"

"दोन तास."

"वाटलंच."

"आवं, मग सोडलीत कशाला तवा?"

त्यांनी खुराची राहिलेली कड तासली. मग म्हणाले, "दुसऱ्या कुनाची आस्ती तर नसती सोडली. तू म्हनलास, पानी पाजलंय."