आतून लावलेली कडी

भिलाईच्या रुआबांधा भागातल्या आमच्या घराच्या बाथरूमचं दार त्या पावसाळ्यात खाली बसलं. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले होते आणि दाराची खालची कड पाणी पिऊन फुगली होती. उघडताना ते फरशीवर घासायचं, लावताना खांद्यानं रेटावं लागायचं. सुताराला दोनदा निरोप गेला होता, पण पावसाळ्यात साऱ्या भिलाईची दारं फुगतात. तो येतो म्हणायचा आणि यायचा नाही.

मला दारांचं थोडंफार कळतं. माझे वडील स्टील प्लांटमध्ये क्लार्क होते. प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरच्या क्वार्टरमध्ये, दर दिवाळीआधी ते एक रविवार घरातल्या दारांना द्यायचे. बिजागऱ्यांत तेल, कुलपांत पेन्सिलीच्या शिशाची पूड, ढिल्या स्क्रूच्या भोकात आगपेटीच्या काड्यांचे तुकडे. मी मागे तेलाची बाटली धरून फिरायची. त्यामुळे हे दार मी स्वतःच उतरवलं असतं, पण आमच्या घरात त्या दाराचा विषय निघाला की कडीचा निघायचा आणि कडीचा निघाला की सासूबाई जेवणाच्या ताटावरून मुकाट्यानं उठायच्या.

त्याचं असं झालं होतं. सासरे रेल्वेत होते, भिलाईजवळच्या चरोद्याच्या क्वार्टरमध्ये त्यांचा सगळा संसार झाला. ते गेल्यावर सासूबाई आमच्याकडे आल्या. त्यांना जुना दमा, त्यात बीपी. एकदा स्वयंपाकघरात त्यांना घेरी आली आणि ओट्याला धरून त्या खाली बसल्या. डॉक्टर म्हणाले, फार काही नाही, पण सांभाळा. त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं त्यांना सांगितलं की आता बाथरूमची कडी लावायची नाही, नुसतं दार लोटून घ्यायचं. मीही त्याच्या बाजूनं बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आतला बोल्ट इतक्या जोरात सरकला की मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

नवरा रागावला. म्हणाला, मी तो बोल्टच काढून टाकतो. तेव्हा त्या मला एकटीला गाठून म्हणाल्या, "चरोद्याले दोन खोल्यांत मी जिंदगी काढली. नागपूरकडचे पाहुणे बारा महिने. कडी लावून बसाची तेवढीच एक जागा होती मले. आता तेही काढून घेता का?"

बोल्ट राहिला. पण त्यानंतर त्या आत गेल्या की मी काही ना काही निमित्तानं बाहेर घुटमळायची, आणि ते त्यांना कळायचं. आमच्यात भांडण नव्हतं, पण बोलणं कामापुरतं उरलं होतं.

पावसाळा सरत आला होता, त्या दिवशी नवरा पहिल्या पाळीला चरोद्याच्या रेल्वे यार्डात कामाला गेला होता. सासूबाईंनी डोक्यावरून न्हायला गरम पाणी काढलं. त्या आत गेल्या, दार रेटलं, बोल्ट सरकला. मी भाजी चिरत होते. नेहमीपेक्षा बराच वेळ गेला. मग बोल्टची खडखड ऐकू आली, थांबली, पुन्हा झाली.

मी दाराशी जाऊन हाक मारली. त्या म्हणाल्या, काही नाही, कडी जरा अडून राहिली. मी दार बाहेरून उचलून धरायचा प्रयत्न केला. धरायला जागाच नव्हती. कालथा खालून घालून पाहिला, तर फुगलेली कड फरशीला इतकी चिकटून बसली होती की कालथ्याचं टोकही जाईना. दार बसल्यामुळे बोल्टची दांडी चौकटीच्या भोकात तिरपी दाबली गेली होती. त्या ओढत होत्या आणि दाराचं सगळं वजन त्या दांडीवर होतं.

मग त्या खोकल्या. एकदा, आणि मग थांबेनाच. आत गरम पाण्याची वाफ कोंडलेली, आणि त्यांचा दम्याचा पंप बाहेर पलंगाशेजारी.

मी नवऱ्याला फोन लावला, तो उचलला गेला नाही. ड्युटीवर त्याचा फोन लॉकरमध्ये असतो. मी म्हटलं, "आई, मी बाजूच्या भाऊंना बोलावते. ते दार तोडतील."

"नको," त्या आतून म्हणाल्या. श्वास लागला होता तरी आवाज ठाम होता. "माझी साडी बाहेर आहे. कोणाले बोलावू नको."

बाहेर खुर्चीवर त्यांची घडी घातलेली सुती साडी होती. परकर-पोलक्यावर बाहेर येऊन खोलीत साडी नेसायची, ही त्यांची जन्माची सवय. मला त्या क्षणी त्यांचा राग आला. जीव जातोय आणि यांना साडीचं पडलंय, असंही मनात आलं. पण दार तोडायचं म्हटलं तरी त्या दाराला लागून उभ्या होत्या, आणि जागा एवढीशी की ते त्यांच्याच अंगावर पडलं असतं.

मी पंप घेतला, तो साडीत गुंडाळला आणि घरामागच्या बोळात गेले. बाथरूमचा झरोका तिथे उघडतो, त्याला काचेच्या आडव्या पट्ट्या आहेत. कपडे धुवायचा दगड आहे त्यावर चढले, एक पट्टी खाचेतून ओढून काढली. आतून गरम वाफेचा झोत तोंडावर आला. मी गाठोडं आत सोडलं आणि ते त्यांनी झेललं. पंप दाबल्याचा आवाज आला, पुन्हा एकदा आला, आणि हळूहळू खोकला उतरला. मी आणखी दोन पट्ट्या काढल्या, म्हणजे आत हवा जाईल.

"आता बरं वाटून राहिलं का, आई?"

"हो. थांब, नेसून घेते."

मी भिंतीला धरून थांबले. तेवढ्यात मला वडिलांच्या हातातला पेचकस आठवला, आणि मग ध्यानात आलं की आपण उगाच दाराशी झटतो आहोत. बोल्ट दारावर आतल्या बाजूनं स्क्रूंनी बसवलेला असतो. तोच सुटला तर दार मोकळं. फक्त ते स्क्रू आत होते, आणि आत सासूबाई होत्या.

मी त्यांना विचारलं, पेचकस दिला तर जमेल का. त्या म्हणाल्या, दे. मी पेचकसाला नाडी बांधून तो झरोक्यातून खाली सोडला आणि पुन्हा घरात दाराशी आले.

पहिला स्क्रू हलेचना. गंजला होता. त्यांचा हात घसरत होता, मधूनच त्या दम घ्यायला थांबत होत्या. मी विचारलं, आत खोबरेल आहे ना? डोक्याला लावायला नेलेली बाटली होती. मी सांगितलं की स्क्रूंवर थेंब थेंब सोडा, जरा मुरू द्या, मग पेचकसावर सगळं वजन टाकून डावीकडे फिरवा.

तेल मुरेपर्यंत आम्ही दोघी दाराच्या दोन बाजूंना बसलो. त्या पालथ्या बादलीवर बसल्या होत्या, असं मला नंतर कळलं.

"तू घाबरली का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मीही," त्या म्हणाल्या. मग, "तू रोज दाराशी उभी राहते ना, मले राग येई. आज म्हटलं, बरं झालं घरी आहे."

मी म्हटलं, "मला तुमच्यावर पहारा नव्हता ठेवायचा, आई. मला भीती वाटते, बस."

पेचकस पुन्हा लाकडावर टेकल्याचा आवाज आला.

वरचा स्क्रू करकरत सुटला. खालचा त्यामानानं सोपा गेला. मधल्या एकाचं डोकंच झिजलेलं होतं, तो काही केल्या फिरेना, पण बाकीचे निघाल्यावर बोल्टचा पत्रा त्या एकट्यावर लटकला. मी सांगितलं की फटीत पेचकस घालून उचकटा, लाकूड फाटलं तरी चालेल. त्यांनी उचकटला. लाकडाचा ढलपा निघाल्याचा आवाज झाला आणि दार जरासं सैल झालं.

"तुम्ही मागे भिंतीशी व्हा," मी म्हटलं, आणि खांदा लावून रेटलं. दार फरशीवर किंचाळत अर्धं उघडलं.

त्या समोर उभ्या होत्या. साडी नीट चापूनचोपून नेसलेली, ओल्या केसांचं पाणी खांद्यावर ठिबकत होतं, हात कोपरापर्यंत तेलकट आणि गंजानं तांबडे. मी त्यांना धरून बाहेर आणलं, पंख्याखाली बसवलं. त्यांचा श्वास मोकळा चालला होता. तो चालतो आहे हे मी बराच वेळ नुसती बघत बसले. मग मला रडू आलं, आणि त्यांनी तेलाच्या हातानंच माझी पाठ थोपटली. माझं पोलकं खराब झालं ते झालंच.

नवरा घरी आल्यावर सगळं ऐकून पांढरा पडला. त्याच्या मते आता तरी प्रश्न सुटला होता. बोल्ट निघाला आहे, तो पुन्हा लावायचा नाही. सासूबाई खाली बघत राहिल्या. मला वाटलं, आता त्या हो म्हणतील. त्यांना दुसरं काही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं.

"आईंना कडी हवी," मी म्हटलं. "बिघडलं होतं ते दार."

पुढच्या सुट्टीला मी आणि नवऱ्यानं दार उतरवलं. खालची कड रंध्यानं तासली, तिला पत्रा मारला. बिजागऱ्यांच्या भोकांत लाकडाच्या चिपा ठोकून लांब स्क्रू बसवले, त्यामुळे दार परत उचललं गेलं. बाजारातून असं कुलूप आणलं की आतून खटका दाबला की लागतं, पण बाहेरच्या खाचेत नाणं घालून फिरवलं की उघडतं. सासूबाईंनी आधी मला आत पाठवून ते स्वतः बाहेरून उघडून पाहिलं. मग स्वतः आत गेल्या, खटका दाबला, आणि बऱ्याच वेळानं, मजेत असल्यासारख्या, बाहेर आल्या.

संध्याकाळी नागपूरच्या त्यांच्या बहिणीचा फोन आला. मी पोळ्या लाटत होते. त्या सांगत होत्या, "अगं, सून बाहेरून सांगून राहिली होती, पण कडी मीच काढली. तेल टाकून." पलीकडून बहीण काहीतरी म्हणाली असावी, कारण त्या हसायला लागल्या. इतक्या दिवसांत त्यांना असं हसताना मी ऐकलं नव्हतं. मी गॅस बारीक केला आणि पुढचं ऐकत राहिले.