ताईंच्या चाव्या

ताई, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, भाजीवाल्याशीसुद्धा खोटं बोलायच्या नाहीत. मोबाइलच्या खेळात मात्र त्यांच्याइतकी लबाड बाई आमच्या अख्ख्या कांचघर मोहल्ल्यात नव्हती.

आम्हा दोघींनाही त्या खजिन्याच्या खेळाचं वेड. बेटामागून बेट ओलांडायचं, दरवाजे उघडायचे. दरवाज्याला चावी लागते आणि ती दुसऱ्या कुणी खेळणाऱ्यानं पाठवली तरच मिळते. मी रीतसर खेळायची, म्हणून कायम मागे. ताई माझ्या दोन बेटं पुढे. भाजीला चव त्यांच्या हातची, पोळ्या त्यांच्याच गोल, सासूबाईही त्यांच्याच. निदान एका बेटावर तरी मला त्यांच्या आधी पाय ठेवायचा होता. जळायची मी त्यांच्यावर, सरळ सांगते.

खेळातली शक्ती संपली की ताई मोबाइलचं घड्याळ पुढे सरकवायच्या. खेळाला वाटायचं, रात्र सरली, आणि शक्ती पुन्हा भरायची. एकदा त्या ते मागे आणायचं विसरल्या. माझे थोरले दीर त्याच मोबाइलवर वेळ बघून निघाले आणि फॅक्टरीच्या बंद गेटाशी तासभर डबा धरून उभे राहिले. ताई शांतपणे म्हणाल्या, "चलो, एक दिवस तरी लेट नाही झाले." घरभर हशा. हेच मी केलं असतं तर?

चाव्यांसाठी त्यांनी खोटी खाती उघडली होती. त्यातलं एक तर चक्क मामंजींचं! मामंजींना जाऊन बरीच वर्षं झालेली. फोटो भिंतीवरचाच, हारासकट. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या रुसूनच बसल्या. म्हणाल्या, "जिते होते तं मले कपाटाची चावी नाही देल्ली, अन् आता हिले रोज पाठवून राहिले."

माझी मात्र एक भरवशाची मैत्रीण होती, ओमती मोहल्ल्यातली कुणी सुलोचना तिवारी. फोटोत झेंडूचं फूल. ओळख ना पाळख, पण रोज चहाच्या वेळी तिची चावी यायची, न मागता. मी मुद्दाम ताईंना ऐकवायची, की आम्हाला खरी माणसं देतात हो. ताई कणीक मळता मळता म्हणायच्या, "नशीब लागते बाई त्याले."

पुढे दीर रिटायर झाले आणि दोघं मुलाकडे नागपूरला राहायला गेली; त्या बांधाबांधीत ताईंचा खेळ राहिला आणि मी त्यांच्या बेटावर जाऊन पोचले. स्टेशनवर मी रडले खरी, पण मनात आलंच, आता पुढचं बेट माझं. दुसऱ्या दिवशी सुलोचनाची चावी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी आपली दरवाज्याशी अडकलेली, तेवढ्यात ताईंचा फोन. सासूबाईंच्या गोळ्यांची चौकशी झाली, आणि मग म्हणाल्या, "अन् तू काहून अडकून बसली तिथंच? इकडे नेट आजच लागलं. पाठवली ना मी चावी, घे."

मी म्हटलं, "तुम्ही पाठवली?" मग घाईघाईनं म्हणाल्या, "म्हणजे, त्या तिवारीनं पाठवली असंल."

चावी आली होती, झेंडूच्या फुलाकडून. मी दार उघडलं. नव्या बेटावर ताई अजून पोचल्या नव्हत्या; पहिल्यांदाच मी पुढे होते. तरी जळफळाट झालाच माझा. त्यांच्याकडे नव्हती अशी एकच गोष्ट माझ्याजवळ होती, ती मैत्रीण. तीसुद्धा त्याच निघाल्या.