हंगाम संपल्यावर छापायचं पत्र

नोव्हेंबरातल्या एका सकाळी वर्ना हॉस्टर तव्यावर स्क्रॅपलचे, म्हणजे डुकराच्या मांसाच्या वडीचे, काप खरपूस करत होती आणि तिचा नवरा ऑर्व्हिल शब्दकोड्याशी भांडत होता.

"हट्टी प्राणी. तीन अक्षरं."

"आरशात बघ, सापडेल."

तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ओळखीचं माणूस मागच्या दाराने येतं आणि थाप न मारताच येतं. पुढच्या दाराला पाद्री, पोलीस नाहीतर परका.

"टीव्हीवाले असतील," ऑर्व्हिल म्हणाला. "घरी कुणी नाही म्हणून सांग."

"दार उघडून सांगू? मीच?"

दारात पिट्सबर्गच्या वर्तमानपत्राची एक तरुण बातमीदार उभी होती. नदीन कोवालचिक. नाक थंडीने लाल झालेलं, बूट चिखलाने बरबटलेले. हिला परत पाठवायचं हे वर्नाने ठरवलं होतं. पण ते बूट पाहून तिचा हात आपोआप कॉफीच्या कपाकडे गेला.

कॉलेजच्या फुटबॉल संघाच्या धाकट्या कोचला, गेन्ट्रीला, अटक होऊन तीन आठवडे झाले होते. उन्हाळ्यात तो गावातल्या लहान मुलांचं शिबिर घ्यायचा. त्यातली सात मुलं, आता बाप्ये झालेली, त्याने केलेल्या अत्याचारांबद्दल सांगायला कोर्टात उभी राहिली होती. सगळ्यात आधी बोलला तो कर्टिस प्रुएट. गाव मात्र अजून दुकानांच्या काचांवर संघातल्या खेळाडूंच्या जर्सीचे आकडे रंगवत होतं आणि टीव्हीवाल्यांच्या नावाने बोटं मोडत होतं. न्हाव्याकडे, चर्चच्या स्वयंपाकघरात, रेडिओवर एकच प्रश्न: मग तेव्हा त्याची आई काय झोपली होती? आई, जनीन, चार वर्षांपूर्वीच वारली होती. उत्तर देणार कोण?

"कर्टिस म्हणतो, आईने इथल्या साप्ताहिकाला पत्र दिलं होतं," नदीन म्हणाली. "कुणाचा विश्वास बसत नाही. संपादकही आता नाहीत. तुम्ही तिथे एकवीस वर्षं होता ना, मिसेस हॉस्टर?"

"होते."

"तिला कशाला त्यात ओढता?" ऑर्व्हिल गुरकावला. "बिचारी काउंटरवर बसायची. बारशाच्या, मयताच्या बातम्या, हरवलेली कुत्री. एवढंच काम."

एवढंच नव्हतं. दर ऑगस्टला शिबिराचे फोटो यायचे आणि त्यांच्याखालच्या ओळी वर्ना लिहायची. 'मुलांचा लाडका कोच.' 'घरापासून दूर, पण बापाच्या मायेत.' ओळी छान जमायच्या, लोक कात्रणं फ्रिजवर लावायचे. ऑर्व्हिलही लावायचा.

वर्नाने गॅस बंद केला आणि ती जिना चढून गेली. परतली तेव्हा हातात एक लिफाफा होता, कडा पिवळ्या पडलेल्या. नदीनने तो उघडला.

'माझा मुलगा आता कोच गेन्ट्रींच्या गाडीत बसायला तयार नाही. कारण सांगत नाही, नुसता थरथरतो. मी कॉलेजात दोनदा जाऊन आले. कुणीतरी त्याला नीट विचारावं. जनीन प्रुएट.'

खाली तारीख होती. सतरा वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर.

नदीनने पत्र दोनदा वाचलं. मग तिची लेखणी भराभर चालू लागली. "सगळं गाव एका बाजूला, आणि एक बाई सतरा वर्षं हे जपून ठेवते. रविवारी पहिलं पान, मिसेस हॉस्टर. तुमचा फोटो घेऊ ना?"

ऑर्व्हिलने डोक्यावरची संघाची टोपी काढून मांडीवर ठेवली. तीन आठवडे सुतकी असलेला चेहरा उजळला. "मला पण नाही बोललीस, हां! बघा, अशी आहे माझी बायको. आता त्या न्हाव्याला सांगतो."

वर्नाने त्याच्याकडे पाहिलं. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. जनीनचं नाव धुऊन निघालंच असतं आणि हा माणूस मान वर करून गावात हिंडला असता. काय बिघडलं असतं?

"ऑर्व्हिल, थांब जरा," ती म्हणाली. "आमच्याकडे एक रीत होती. पहिल्या मॅचपासून नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत संघाविरुद्धचं पत्र छापायचं नाही. हंगामात पोरांचं मन मोडू नये म्हणून. अशी पत्रं काउंटरखालच्या खोक्यात टाकायची. पार्किंगची तक्रार, बँडच्या गोंगाटाची तक्रार. हंगाम संपेपर्यंत निम्म्या लोकांचा राग निवलेला असायचा."

"मग हे?"

"हेही खोक्यात. माझ्याच हाताने. वाचलं आणि टाकलं. ती समोर उभी होती, लाँड्रीचा गणवेश घालून. म्हणाली, 'तोवर काय करू, वर्ना?' मी म्हटलं, 'थोडे दिवस त्याला दुसरं काहीतरी खेळू दे.'"

नदीनची लेखणी थांबली.

"डिसेंबरात संपादकांनी खोका कचऱ्यात उपडा केला. मी एवढं एक उचललं. फोन केला, तर ती मंडळी ओहायोला निघून गेलेली. झालं. संपादकांना काही बोलले नाही, पोलिसांत गेले नाही. पुढच्या ऑगस्टला पुन्हा फोटो आले. मी पुन्हा ओळी लिहिल्या." तिने रिकामा लिफाफा टेबलावर पालथा ठेवला. "सातातला सगळ्यात धाकटा... तो त्या फोटोत आहे."

ऑर्व्हिल उठला. नदीनला वाटलं, हा आता बाहेर निघून जाणार. पण त्याने आपली खुर्ची उचलून बायकोशेजारी आणून ठेवली, बसला, आणि तिचा गार पडलेला हात दोन्ही हातांत घेतला.

"वेडे," तो हळूच म्हणाला. "एकटीने सतरा वर्षं?"

"तू फ्रिजवर कात्रणं लावायचास. तुला काय सांगू?"

नदीनने वही मिटत आणली होती. "हे असंच छापलं तर गाव तुम्हाला सोडणार नाही. आणि तसं सांगायची गरजही नाही. पत्र आहे, तेवढं पुरेसं आहे."

"मला इथेच राहायचंय, ते कळतं मला," वर्ना म्हणाली. "तुम्हाला हवं तसं लिहा, फोटो घ्या, नका घेऊ. माझं एकच मागणं आहे. मी पत्र जपलं असं लिहू नका. जनीनने ते वेळेवर आणून दिलं होतं, आणि मी ते थांबवलं, असं लिहा."