विनिफ्रेडबाईंचं निळं फुलपाखरू

सॉमरसेटमधल्या नेदरकोम्ब गावच्या विनिफ्रेड टॅपस्कॉट यांना खोटं म्हणून बोलता यायचं नाही. नवऱ्याच्या दफनालासुद्धा "माणूस कंजूष होता, पण चहा फक्कड करायचा" असं म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. एवढं खरं गावाला कुठलं झेपायला! मग बाई एकतीस उन्हाळे गावाबाहेरच्या कुरणात फुलपाखरं मोजत हिंडल्या. फुलपाखरं निदान रुसून बसत नाहीत.

यंदा जूनमध्ये रानथाइम नावाच्या बुटक्या झुडपाच्या फुलावर त्यांना ‘मोठं निळं’ या जातीचं फुलपाखरू अंडी घालताना दिसलं. देशातून एकदा पार नाहीसं झालेलं! बाईंना रडूच कोसळलं. दुसरी कुणी असती तर गुपचूप घरी गेली असती. पण दिसलं ते जिल्ह्याच्या नोंदीत जागेसकट कळवायचं, हा फुलपाखरं मोजणाऱ्यांचा धर्म. बाईंनी तर कुंपणाचा कितवा खांब तेही लिहिलं. हौस दांडगी!

नोंद सगळ्यांना वाचायला खुली; दुसऱ्या दिवशी चाळीस निसर्गप्रेमी हजर. निसर्गावर जीव इतका, की जो तो कॅमेरा घेऊन त्याच्यावर आडवाच झाला.

"अहो, पाय उचला! तिथं अंडी आहेत!" बाई ओरडल्या.

"कुठं? कुठं?" म्हणत सहाजण नेमके तिकडेच धावले.

तीन दिवसांत निम्मं थाइम भुईसपाट झालं. फोटो एकालाही मिळाला नाही; त्या जत्रेत फुलपाखरू कशाला मरायला येतंय? तरी शनिवारी आणखी एक बस भरून येणार होती. शुक्रवारी दुपारी बाईंनी जिल्ह्याच्या नोंदी ठेवणाऱ्या क्लाइव्ह हेम्ब्रोला फोन लावला.

"क्लाइव्ह, चुकलं माझं. साधंच निळं होतं ते. डोळे गेले रे माझे."

या मंडळींत बायको सोडली तरी चालतं, फुलपाखरू चुकलेलं चालत नाही.

"अहो मिसेस टॅपस्कॉट, या वयात होतं असं," क्लाइव्ह फार मायेनं म्हणाला. "खोडतो मी. फक्त... मग तुमच्या जुन्या नोंदींचाही भरवसा उरत नाही हो. एकतीस वर्षांच्या सगळ्याच काढाव्या लागतील."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काढ," त्या म्हणाल्या. "पण त्या बसवाल्यांना आधी कळव."