प्रमुख पाहुणा

मुलाचं व्यक्तिमत्त्व म्हणजे ओबडधोबड दगड, आणि त्यात दडलेली मूर्ती बाहेर काढणारे शिल्पकार म्हणजे आईवडील. हे वाक्य माझं आहे. अकोल्यातल्या एका शाळेच्या पालकमेळाव्यात मी प्रमुख पाहुणा होतो, तेव्हा मी ते म्हटलं. टाळ्या पडल्या, शाल मिळाली, नारळ मिळाला. शिल्पकार त्या वेळी अकोल्यात होता आणि दगड अमरावतीत.

मी अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवतो आणि आठवडाभर जठारपेठेत भाड्याच्या खोलीत राहतो. बायकोची नोकरी अमरावतीची, म्हणून ती, आमची पाच वर्षांची मुलगी आणि माझे वडील तिकडे. शनिवारी संध्याकाळी मी जातो, सोमवारी पहाटे परततो. रोज ये-जा करणारेही पुष्कळ आहेत. सुरुवातीला मीही करत होतो. मग कधी कंबर आड आली, कधी पेपर तपासणी.

त्यामुळे मुलीचा स्वभाव मला ऐकून माहीत होतो, आणि ऐकीव माहिती शिळी असते. एकदा कळलं, ती कुत्र्यांना घाबरते. आठवडाभर मी भीती घालवायच्या युक्त्या जमवल्या. शनिवारी पोचलो, तर ती गल्लीतल्या कुत्रीला पोळी भरवत होती. मला म्हणाली, "हात नका लावू. तिले अनोळखी माणूस चालत नाही."

पुढच्या खेपेला सशाचं चित्र असलेली पाण्याची बाटली नेली. तिनं ती बाजूला ठेवली.

"काहून? ससा तर आवडत होता ना तुले?"

"तवा मी लहान होती."

दर शनिवारी मी मागच्या आठवड्यातल्या मुलीला भेटायला जातो. ती तोवर निघून गेलेली असते.

वडिलांकडे नांदगाव खंडेश्वरकडची माणसं सारखी येतात. कोणाचा दवाखाना, कोणाचं कोर्ट, कोणाची सोयरीक. वडिलांची शिस्त ठरलेली: "आलेल्या माणसाले पहिले पाणी द्या लागते. काहून आला, ते मंग विचारा लागते." पोरीनं हे अचूक उचललं. वरच्या फळीवरचा काचेचा ग्लास आईकडून उतरवून घ्यायचा, भरून ट्रेमध्ये ठेवायचा आणि जीभ दातांत धरून, न सांडता चालत यायचं. घरच्यांसाठी स्टीलचे ग्लास होते. ते ज्याचे त्यानं भरून घ्यायचे.

एका शनिवारी मी चपला काढल्या, बसलो, आणि ट्रे आला.

"पाणी घ्या," ती म्हणाली. "प्रवास बरा झाला ना?"

वडील खूश. "पाह, पोट्टी कशी समजदार होऊन राहिली!"

मी दोन घोट घेतले. ग्लास काचेचा होता. आईला ती 'तू' म्हणते, आजोबांनाही 'तू'च. मला 'तुमी'. हा मान मिळवायला मला काही करावं लागलं नव्हतं. फक्त घरी नसावं लागलं होतं.

त्या सोमवारी मी रजा टाकली. सकाळी तोंड धूत होतो, तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, तुमची गाडी सुटली?"

"नाही. आज मी जात नाही."

"काहून?"

"राहावंसं वाटलं."

हे उत्तर तिला पटलं नसावं. ती आजोबांकडे गेली आणि हळूच, म्हणजे सगळ्या घराला ऐकू जाईल असं विचारलं, "आबाजी, हे आज पण जेवतीन?"

"जेवतीन ना. तुहा बापच आहे तो."

दुपारी तिला शाळेतून आणायला मी गेलो. वाटेत तिनं मला माहिती दिली: कोणत्या फाटकावर चढू देतात, कोणत्या काकू ओरडतात, कुत्री कुठे झोपते. वडिलांना हे सगळं पाठ असणार. मी पहिल्यांदा ऐकत होतो आणि विसरू नये म्हणून मनात घोकत होतो.

घरी येऊन खुर्चीत बसलो. उन्हानं घसा कोरडा पडला होता. शनिवारसारखी ट्रेची वाट पाहिली. ती फरशीवर बसून बुटाचा पट्टा ओढत होती.

"पाणी देशील का?"

"माठ तिकडं आहे," ती मान वर न करता म्हणाली. "घे ना आपल्या हातानं."

वडिलांनी पेपर खाली केला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर धरला.

मी उठलो. उद्या पहाटे मला निघायचं होतं आणि शनिवारी पुन्हा काचेचा ग्लास येणार होता, हे कळत होतं. तरी पालकमेळाव्यात शाल घ्यायला उठलो होतो, तेव्हाही इतका ताठ चाललो नव्हतो. फळीवरून स्टीलचा ग्लास घेतला, माठावरचं झाकण काढलं.

माठ रिकामा होता. नळ मंगळवारी येणार होते, मी गेल्यावर.