लाडूच्या आईला आलेला फोन

निवृत्तीनंतर बऱ्याच गोष्टी पुसट झाल्या, पण जळगावातले ते प्रकरण अजून जसेच्या तसे डोळ्यांसमोर उभे राहते. मी शहरातल्या एका ठाण्याची प्रभारी निरीक्षक होते. सकाळची हजेरी आटोपली आणि मेहरूणमधली एक तरुण शिक्षिका तान्ह्या मुलीला घेऊन आत आली. सोबत तिची सासू, मूळची धुळ्याकडची.

"मॅडम, हाई पोर कालपासून रडी राहिनी शे. काय व्हयनं ते सांगे ना," सासूबाई म्हणाल्या. सुनेला त्यांनीच धरून आणले होते.

पाणी प्यायल्यावर ती बोलली. आयकर खात्यातून बोलतोय म्हणून एकाने फोन केला होता. प्रसूती रजेच्या पगारावर टॅक्स बाकी आहे, आजच भरा, नाहीतर पगार थांबेल, केस होईल. घाबरून तिने जपून ठेवलेले पैसे पाठवले. आता तो दंडही मागत होता.

फसवणुकीचा गुन्हा दाखल करून मी तिच्या शाळेच्या लेखापालांना फोन लावला.

"मॅडम, रजेतला पगार हा पगारच. त्यावर कर असतो, पण तो आम्हीच पगारातून कापून भरतो आणि तिच्या पॅनवर दिसतो. शिवाय हिचं उत्पन्न करात बसतच नाही. बाकी कसली?"

म्हणजे टॅक्स खोटा. पण हिची रजा चालू आहे हे त्या माणसाला कळले कसे? मी तिला फोनवरचे शब्द जसेच्या तसे आठवायला सांगितले.

"म्हणाला, निदान चिऊसाठी तरी भरा."

"चिऊ कोण?"

"हीच." ती थबकली. "पण मॅडम, हिचं बारसं अजून व्हायचंय. चिऊ आम्ही फक्त घरात म्हणतो!"

मी विचारले, घरात बाहेरचे कोण आले होते? एकच जण, बाळाचे फोटो काढणारा. त्याने गप्पांच्या ओघात नोकरी, रजा, पगार, सगळे विचारून घेतले होते. जामनेरच्या एका नर्सची अशीच तक्रार तपासावर होती. तिला विचारले. तिच्याकडेही तोच फोटोग्राफर! मी खुर्चीतून उठलेच.

मात्र संशय म्हणजे पुरावा नव्हे. आमची एक महिला शिपाई तेव्हा प्रसूती रजेवर होती. तिला विचारायचा अवकाश, "करते की मॅडम! पोरगं पण तयार आहे!"

तिने फोटोग्राफरला घरी बोलावले, आपण बँकेत असल्याचे सांगितले आणि त्याच्यासमोर मुलाला मुद्दाम 'लाडू' म्हणून हाक मारली. एरवी त्या घरात हे नाव कुणीच घेत नव्हते. थोड्याच दिवसांत तिचा फोन वाजला. संभाषण रेकॉर्ड झाले.

"आयकर खात्यातून बोलतोय. लाडूच्या आईच ना?"

सगळे ठाणे उसळले. फोटोग्राफरला ताब्यात घेतले. चौकशीत तो थंडपणे म्हणाला, "मी फोटो काढतो मॅडम, फोनचं मला काय माहीत?" मी रेकॉर्डिंग लावले. "हे नाव आम्ही फक्त तुझ्यासाठी ठेवलं होतं." त्याचा चेहरा पडला. फोन करणारा त्याचा मावसभाऊ निघाला. पथक तडक यावलला गेले आणि बसस्टँडवरच त्याला मोबाईलसह उचलले.

पुढे न्यायालयाच्या आदेशाने शिक्षिकेला पैसे परत मिळाले. ते घ्यायला आली तेव्हा ती सासूला म्हणाली, "आई, पहिल्याच फोनला तुम्हाला सांगायला हवं होतं." सासूबाईंनी नातीला कडेवर घेतले. "व्हयनं ते व्हयनं. चाल, पोरले भूक लागनी शे."

त्या दोघा चोरांना करातले काही कळत नव्हते. घाबरलेली बाळंतीण कुणाला काही विचारणार नाही, एवढेच त्यांना पक्के माहीत होते. तेव्हापासून तक्रारदाराला मी पहिला प्रश्न विचारायचे: हे घरात कुणाला सांगितलंत का? बहुतेकदा उत्तर 'नाही' असायचे, आणि माझा तपास तिथूनच सुरू व्हायचा.