सीटमुळे कळलेलं दुखणं

"गाडीच्या सीटचा काही दोष नाही, मॅडम," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कॉम्प्युटरचा स्क्रीन आमच्याकडे वळवला.

स्क्रीनवर माझ्या कमरेखालचा भाग होता, काळा-करडा. माकडहाडाच्या जरा वर, डाव्या अंगाला, एक पांढरट गोल दिसत होता. मोठ्या आवळ्याएवढा. डॉक्टरांनी त्यावर पेनाचं टोक ठेवलं. "ही गाठ आहे. बरीच वर्षं हळूहळू वाढत असणार. कसली आहे ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

शेजारी बसलेल्या शेखरने, माझ्या नवऱ्याने, माझा हात धरला. मी उभीच होते, कारण एव्हाना मला बसणं जमेनासं झालं होतं.

मी या डॉक्टरांकडे मुळात कशासाठी आले होते हे सांगितलं तर हसू येईल. मला त्यांच्याकडून दाखला हवा होता, की माझ्या नव्या गाडीची सीट पाठीला घातक आहे. तो दाखवून मी शोरूमवाल्यांकडून सीट बदलून घेणार होते.

बसताना दुखतं म्हणून उशा विकत घेत फिरणारे बरेच असतात. मी हे त्यांच्यासाठी लिहितेय. त्यातल्या बहुतेकांना काहीही झालेलं नसतं, हे आधीच सांगते. घाबरवण्यासाठी लिहीत नाहीये.

मी वालीवला प्लॅस्टिकचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करते. डब्यांची झाकणं नीट बसतात का, कडा फाटक्या नाहीत ना, हे तपासणारा विभाग माझ्याकडे आहे. घर विरार पूर्वेला, चंदनसारला. रोज हायवेने गाडी चालवत जाते आणि येते. आमची जुनी गाडी आम्ही वसईजवळच्या होळी गावात राहणाऱ्या माझ्या दादाला दिली, त्याला वाडीतली भाजी बाजारात न्यायला बरी पडते म्हणून. आणि नवी घेतली. उंच, मोठ्या स्क्रीनची, सगळ्यांना आवडलेली.

मला मात्र तिची सीट पहिल्या आठवड्यापासून आवडली नाही. दोन्ही बाजूंनी उंच कडा, त्यामुळे जरा सरकून बसायची सोय नाही. डोक्यामागचा टेकू मान पुढे ढकलतो. आणि खालची गादी पाटासारखी कडक. हायवेवरच्या खड्ड्यांत गाडी आदळली की माकडहाडापासून एक कळ डाव्या मांडीत मागून उतरायची.

शोरूममधला मुलगा म्हणाला, "मॅडम, नवीन फोम आहे. सेट व्हायला वेळ लागतो."

शेखरला त्याच सीटवर काहीच व्हायचं नाही. तरी त्याने माझ्यासाठी आधी मधे भोक असलेली गोल उशी आणली, मग उतरती उशी, मग जेलची. हायवेवरच्या सीट कव्हरवाल्याकडून फोमचा थरही टाकून घेतला. दर वेळी चार दिवस बरं वाटायचं आणि परत तेच.

फॅमिली डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या दिल्या. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. त्यात काही निघालं नाही. ते म्हणाले, "कॉक्सिडायनिया वाटतोय. म्हणजे माकडहाडाची दुखी. बसणं कमी करा, व्यायाम करा, आणि महिन्याभरात कमी झालं नाही तर परत या." त्यांनी 'परत या' हे दोनदा सांगितलं होतं.

त्या महिन्यात एक गोष्ट अशी घडली की माझी खात्रीच पटली. दादा मला आईकडे न्यायला आमच्या जुन्या गाडीतून आला. तिची सीट इतकी खचलेली, की माणूस आत बुडतो. वसईपर्यंत मी आरामात बसले. कळ नाही, काही नाही. मी दादाला म्हटलं, "बघ, मी सांगत होते ना. हल्लीच्या गाड्या दिसायला छान, बसायला काही नाही."

दादा म्हणाला, "मग तू ही घे परत. मी टेम्पो बघतो."

नवी गाडी देऊन जुनी घ्यायची, असं आम्ही खरंच ठरवत आणलं होतं.

पण मग डाव्या पायाची चप्पल निसटायला लागली. चालताना पायातून जायची आणि मला कळायचंच नाही. कारखान्यात एकदा मी एका पायात चप्पल घालून अर्धा मजला फिरले, मशीनवरच्या बायकांनी दाखवल्यावर पाहिलं. लघवीलाही वेळ लागत होता. ते मी कुणाला बोलले नव्हते. वय झालं, असं समजत होते. पन्नाशीही आली नव्हती.

दाखल्यासाठी त्याच हाडांच्या डॉक्टरांकडे परत गेले तेव्हा चपलेची गोष्ट मी हसत हसत सांगितली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला टेबलावर पालथं झोपवलं, तळपायाला टाचणीचं टोक लावत विचारत गेले, "टोचतंय? आता? इथे?" उजवीकडे टोचत होतं. डावीकडे बोटांजवळ नुसता स्पर्श कळत होता. मग म्हणाले, "डाव्या पायाच्या चवड्यावर उभ्या राहा." मला जमलं नाही. टाच उचललीच जाईना.

"लघवीचं काही?" त्यांनी विचारलं. शेखरसमोर मी पहिल्यांदा ते सांगितलं.

"दाखल्याचं नंतर बघू," ते म्हणाले. "आधी एमआरआय."

एमआरआय म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने शरीराच्या आतले फोटो. त्यात दुखत काही नाही, पण अरुंद नळीत हलायचं नाही आणि आवाज फार. मशीनमध्ये उताणं झोपायचं होतं आणि नेमकं ते हाड खाली येत होतं. मी आत मनातल्या मनात होळीच्या आमच्या वाडीत फिरले. विहिरीपासून सुरुवात केली, केळीची रांग, वांग्याचे वाफे, पलीकडचं अळू. एक फेरी झाली की परत विहिरीपाशी. बाहेर आले तेव्हा केस घामाने चिकटले होते.

त्यानंतरचं स्क्रीनवरचं दृश्य सुरुवातीला सांगितलंच आहे.

गाठ सॅक्रममध्ये होती. सॅक्रम म्हणजे कण्याच्या तळाशी असलेलं त्रिकोणी हाड. त्याला भोकं असतात आणि त्यातून नसा बाहेर पडतात, पायाकडे, मूत्राशयाकडे, गुदद्वाराकडे. माझी गाठ त्यातल्या एका भोकात होती. हे ऑपरेशन आपल्याकडे नको, असं म्हणून डॉक्टरांनी मला मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलमधल्या न्यूरोसर्जनकडे, म्हणजे मेंदू आणि नसांच्या सर्जनकडे पाठवलं.

तिथे आधी बायॉप्सी झाली. सीटी स्कॅनमध्ये बघत बघत सुई आत घालून गाठीचा कण काढतात. रिपोर्टला आठवडा लागला. त्या आठवड्यात दादाकडे गणपती होते. मी आरतीला गेले आणि आरती संपल्यावरही उभीच राहिले. सगळे पाटावर, चटईवर बसून गप्पा मारत होते. आईने माझ्याकडे पाहिलं आणि तीही उठून माझ्याशेजारी उभी राहिली. तिचे गुडघे दुखतात, तरी मोदक वाढेपर्यंत तशीच उभी होती.

रिपोर्ट सांगताना सर्जन बाईंनी आधी निकाल सांगितला, मग बाकीचं. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. "कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. शेखर खाली बघून रडायला लागला. लग्नानंतर मी त्याला दुसऱ्यांदा रडताना पाहत होते. पहिल्यांदा त्याचे वडील गेले तेव्हा.

गाठीचं नाव श्वानोमा. नसेवर एक आवरण असतं, वायरवर प्लॅस्टिक असतं तसं. त्या आवरणातून वाढणारी गाठ. प्लॅस्टिकचं उदाहरण दिल्यावर मला लगेच कळलं. साधी गाठ असली तरी जागा वाईट होती.

"काढावी लागेल," सर्जन बाई म्हणाल्या. "आणि स्पष्ट सांगते. पायाचा थोडा बधिरपणा कायम राहू शकतो. लघवी-संडासवरचा ताबा काही काळ जाऊ शकतो. क्वचित तो पूर्ण परत येत नाही. नसा वाचवण्यासाठी गाठीची थोडी साल मागे ठेवावी लागली तर मी ठेवेन."

मरणाची भीती मला वाटली नाही. भीती वाटली ती कारखान्यात सगळ्यांसमोर कपडे ओले होण्याची. ते मी बाईंना तसंच सांगितलं. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "ही भीती प्रत्येकाला असते, बोलून कुणी दाखवत नाही. तुमचा ताबा गेला तरी त्याला उपाय आहे. आमच्या सिस्टर तुम्हाला शिकवतील."

निघताना मी विचारलं, "मग ती सीट? जुन्या गाडीत मला दुखत नव्हतं."

त्या म्हणाल्या, "जुनी सीट मऊ होती, तुम्ही तिच्यात बुडायचात, हाडावर भार येत नव्हता. नवीन सीटमध्ये कंबर मागे झुकते आणि भार बरोबर गाठीवर येतो. सीट वाईट असेलही, मला गाड्यांतलं कळत नाही. पण तिने तुम्हाला आणलं. जुन्याच गाडीत राहिला असतात तर अजून एक-दोन वर्षांनी आला असतात, आणि मग मला आजच्यासारखं बोलता आलं नसतं."

ऑपरेशन बरेच तास चाललं. मला त्यातलं काही ठाऊक नाही. शेखर आणि दादा बाहेर होते. मी शुद्धीवर आल्यावर सर्जन बाईंनी माझ्या डाव्या पायाचा अंगठा धरला. "हलवा." तो हलला. जवळजवळ पूर्ण गाठ निघाली होती.

पण लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, काढल्यावर लघवी होईना. ओटीपोट भरलेलं कळायचं, पण सुटायचं नाही. नळी परत घातली. सर्जन बाई म्हणाल्या, "नसा दुखावल्या आहेत, मेलेल्या नाहीत. थांबू या." मग एका केरळी सिस्टरने मला स्वतः नळी घालून लघवी काढायला शिकवलं. लहान नळी, स्वच्छ हात, छोटा आरसा. पहिल्या दिवशी मला जमेना. ती पलीकडे तोंड करून उभी राहिली. "आराम से, दीदी. मैं इधर ही हूँ." घाई केली नाही, तोंड वाकडं केलं नाही. तिचं नाव मला आठवतं, पण तिला विचारल्याशिवाय इथे लिहीत नाही.

ही पद्धत शिकावी लागली तर घाबरू नका, एवढं माझं सांगणं आहे. ऐकायला वाईट वाटतं, पण आठवड्यात सवय होते. घराबाहेर पडता येतं.

अ‍ॅम्ब्युलन्समधून कुशीवर झोपून घरी आले. आई होळीहून राहायला आली ती आपली पिशवी आणि वाडीतली केळी घेऊन. ती सकाळी मला आधी बाथरूममध्ये पाठवायची. "नली राहू दे बाजूला. आधी तशी बसून बघ." मी बसायचे, काही व्हायचं नाही, मग नळी. रोज हेच. मी चिडायचे. ती चिडायची नाही.

एका सकाळी तिने बाथरूमच्या दाराबाहेरच्या बेसिनचा नळ सोडला. बारीक धार. "बाय, पानी ऐक," ती बाहेरून म्हणाली. "तू लहान होतीस तवा विहिरीवर असंच करायचे मी."

मी ऐकत बसले. आणि थोडी, अगदी थोडी, आपोआप झाली.

मी तिथेच मोठमोठ्याने रडायला लागले. आईला वाटलं, मी पडले. दार ढकलून आत आली आणि मी काय झालं ते सांगितल्यावर माझं डोकं पोटाशी धरून उभी राहिली. नळ तसाच चालू होता. चंदनसारला पाणी एक दिवसाआड येतं, आणि त्या दिवशी आम्ही दोघींनी ते वाहू दिलं.

त्यानंतर हळूहळू ताबा परत आला. दिवाळी उलटून गेल्यावर नळ्यांचं पाकीट मी कपाटात वर ठेवलं. डाव्या पायाची बोटं अजून बधिर आहेत. चप्पल सोडून मी पट्ट्याची सँडल घालते. दर वर्षी एमआरआय करायचा आहे. एवढ्यावर माझी सुटका झाली.

फिजिओथेरपिस्टने गाडीत येऊन माझी सीट लावून दिली. पाठ जरा सरळ, गादी पुढून खाली, कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल. सीट अजूनही मला आवडत नाही, ती खरंच वाईट बनवली आहे. पण शेखरने गाडी विकायचं काढलं तेव्हा मी नको म्हटलं.

मागच्या महिन्यात कारखान्यात मशीनवर बसणारी सुनीता माझ्या टेबलापाशी आली. "मॅडम, स्टूल बदलून मिळेल का? लय दुखतं बसून." मी स्टूल त्याच दुपारी बदलून दिलं. मग तिला विचारलं, दुखणं पायात उतरतं का, मुंग्या येतात का, लघवीला त्रास आहे का. ती लाजली, आणि पायात उतरतं म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीत घालून माझ्या त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला चवड्यांवर उभं केलं, टाचणी लावली, सगळं नीट पाहिलं. काही नव्हतं. स्नायू आखडला होता, व्यायाम सांगितला.

परत येताना सुनीता शेजारच्या सीटवर बसली होती. वालीव नाक्यापाशी म्हणाली, "तुमचा अर्धा दिवस फुकट गेला, मॅडम. माझं काहीच निघालं नाही."

मी तिला म्हटलं, "अगं, फुकटच जाऊ दे."